लता मंगेशकर: लाइव्ह ॲट द रॉयल अल्बर्ट हॉल

लाइव्ह ॲट द रॉयल अल्बर्ट हॉल हा पार्श्वगायिका लता मंगेशकर यांच्या जाहीर कार्यक्रमाच्या थेट ध्वनिमुद्रणाचा संच आहे. मार्च १९७४ मध्ये लंडनमधील रॉयल अल्बर्ट हॉल या सभागृहात त्यांचे गायन झाले. भारताबाहेरील हा त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. नेहरू स्मारक निधीसाठी पैसा उभा करणे हा त्याचा हेतू होता. प्रेक्षकांसमोर झालेले हे गायन एचएमव्हीने दोन दीर्घ ध्वनिमुद्रिकांच्या (एलपी) रूपाने प्रसिद्ध केले. अभिनेते दिलीपकुमार यांनी कार्यक्रमात लता मंगेशकर यांचा परिचय करून दिला.

लता मंगेशकर यांची चित्रपटगीते तोपर्यंत पंचवीस वर्षे घरोघरी ऐकली जात होती. मात्र ती सर्व बंद ध्वनिमुद्रणकक्षात गायलेली होती. तोच आवाज सभागृहात, श्रोत्यांच्या प्रतिसादासह कसा ऐकू येतो, हे या संचातून नोंदले गेले. परदेशांतील भारतीय वस्त्यांत हिंदी पार्श्वगायकांचे मोठे दौरे पुढील काळात नियमित होऊ लागले. त्या परंपरेच्या आरंभीच्या महत्त्वाच्या टप्प्यांत या कार्यक्रमाची गणना होते.

थोडक्यात माहिती

कलावंत: लता मंगेशकर
प्रकार: थेट कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण
स्थळ: रॉयल अल्बर्ट हॉल, लंडन
काळ: मार्च १९७४
स्वरूप: दोन दीर्घ ध्वनिमुद्रिका
ध्वनिमुद्रिका कंपनी: एचएमव्ही
संगीतप्रकार: हिंदी चित्रपटसंगीत

पार्श्वभूमी

रंगमंच ते ध्वनिमुद्रणकक्ष

लता मंगेशकर (२८ सप्टेंबर १९२९ – ६ फेब्रुवारी २०२२) यांच्यावरील पहिले संस्कार रंगभूमीचे होते. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर हे बलवंत संगीत मंडळीचे गायक-नट होते. संगीत नाटकात गायक प्रेक्षकांच्या समोर उभा असतो, ‘वन्स मोअर’ मिळाला तर पद पुन्हा गातो आणि त्या दिवसाच्या रंगाप्रमाणे ते वाढवतो. लहानपणी लता मंगेशकर यांनी वडिलांबरोबर रंगमंचावर गायन केले होते. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथांचे पुण्यात निधन झाले आणि कुटुंबाची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यानंतर त्यांचे गायन प्रामुख्याने चित्रपटासाठी, म्हणजे पडद्यामागून होऊ लागले.

पार्श्वगायनात गायिकेचा आवाज अभिनेत्रीच्या ओठांवर जातो. चित्रपटाच्या प्रेक्षकाला गाणारी व्यक्ती दिसत नाही, आणि चाळीसच्या दशकात बहुधा तिचे नावही कळत नसे. महल (१९४९) या चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर आरंभी गायिका म्हणून ‘कामिनी’ असे नाव छापलेले होते. हे नाव चित्रपटातील पात्राचे होते, ती भूमिका मधुबाला यांनी केली होती. गीत लोकप्रिय झाल्यावर ते कोणी गायले अशी विचारणा श्रोत्यांकडून होऊ लागली आणि लता मंगेशकर यांचे नाव आकाशवाणीवरून सांगितले गेले.

पार्श्वगायकांना स्वतंत्र ओळख मिळावी यासाठी लता मंगेशकर यांनी पुढेही आग्रह धरला. चोरी चोरी (१९५६) या चित्रपटाच्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्या समारंभात चित्रपटातील गीत गाण्यास लता मंगेशकर यांनी नकार दिला, कारण तोपर्यंत या पुरस्कारांत पार्श्वगायकांसाठी विभागच नव्हता. १९५९ च्या समारंभापासून असा विभाग सुरू झाला. त्याचा पहिला पुरस्कार मधुमती (१९५८) मधील ‘आजा रे परदेसी’ या गीतासाठी लता मंगेशकर यांनाच मिळाला. पुढे लंडनच्या कार्यक्रमात ‘आयेगा आनेवाला’ आणि ‘आजा रे परदेसी’ ही दोन्ही गीते गायली गेली.

जाहीर कार्यक्रम

चित्रपटाच्या कामामुळे लता मंगेशकर यांचे जाहीर कार्यक्रम मोजके होत. त्यांपैकी अनेक एखाद्या सार्वजनिक कार्यासाठी होते. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेलीच्या मुक्तीसाठी निधी जमवण्याकरिता त्यांनी पुण्यात गायन केले. संगीतकार सुधीर फडके त्या मोहिमेत सहभागी होते. २७ जानेवारी १९६३ रोजी, भारत-चीन युद्धानंतर, दिल्लीतील कार्यक्रमात त्यांनी कवी प्रदीप यांचे आणि सी. रामचंद्र यांनी संगीतबद्ध केलेले ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत गायले. अकरा वर्षांनी त्यांचे परदेशातील पहिले गायन नेहरूंच्याच नावाच्या निधीसाठी झाले.

ब्रिटनमधील भारतीय श्रोते

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये भारत आणि पाकिस्तानातून मोठ्या संख्येने लोक स्थायिक झाले. १९७२ मध्ये युगांडाचे हुकूमशहा इदी अमीन यांनी आशियाई वंशाच्या लोकांना देश सोडण्याचा आदेश दिला आणि त्यांपैकी हजारो कुटुंबे ब्रिटनमध्ये आली. त्यांत गुजराती भाषकांचे प्रमाण मोठे होते. मराठी भाषकांची संख्या तुलनेने कमी असली, तरी लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्यरत होते.

या निरनिराळ्या भाषक समाजांना जोडणारा एक समान धागा हिंदी चित्रपटगीतांचा होता. बीबीसीने १९६८ मध्ये दक्षिण आशियाई प्रेक्षकांसाठी ‘नई जिंदगी नया जीवन’ हा साप्ताहिक दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला होता. तरीही ज्यांचा आवाज रोज ऐकायचा त्या गायिकेला प्रत्यक्ष पाहण्याची संधी मायदेशातही क्वचित मिळत असे. परदेशात ती १९७४ पर्यंत मिळाली नव्हती.

सभागृह

रॉयल अल्बर्ट हॉल हे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील सभागृह आहे. राणी व्हिक्टोरिया यांचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या स्मरणार्थ ते बांधण्यात आले. २९ मार्च १८७१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. लंबवर्तुळाकार आराखडा, उंच घुमट आणि पाच हजारांहून अधिक श्रोत्यांची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये होत. ‘प्रॉम्स’ नावाने ओळखला जाणारा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वार्षिक महोत्सव १९४१ पासून येथे भरतो.

घुमटामुळे या सभागृहात आवाजाचा प्रतिध्वनी उमटत असे आणि तो दोष सुमारे शंभर वर्षे कायम होता. १९६९ मध्ये छताखाली फायबर ग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगण्यात आल्यावर प्रतिध्वनी बराच कमी झाला. आकारामुळे या तबकड्यांना ‘मश्रूम’ म्हणजे अळंबी असे टोपणनाव मिळाले. लता मंगेशकर यांचे गायन या सुधारणेनंतर पाच वर्षांनी झाले. मृदू स्वरलगाव आणि बारीक हरकती यांवर आधारलेल्या गायकीच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता.

या सभागृहात कार्यक्रम करणाऱ्या पहिल्या भारतीय कलावंत म्हणून लता मंगेशकर यांचा उल्लेख अनेकदा केला जातो. हा उल्लेख हिंदी चित्रपटसंगीतापुरता घेणे योग्य ठरते. भारतीय रागसंगीत त्यापूर्वीच लंडनच्या मोठ्या सभागृहांत पोहोचले होते. पंडित रविशंकर यांनी सतार आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली पहिली ‘कन्चेर्टो’ जानेवारी १९७१ मध्ये लंडनच्याच रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये सादर झाली होती. चित्रपटसंगीताला मात्र अशा सभागृहांत तेव्हा स्थान नव्हते.

कार्यक्रम

दिलीपकुमार यांचे निवेदन

कार्यक्रमात दिलीपकुमार यांनी लता मंगेशकर यांचा परिचय उर्दूत करून दिला. फुलाच्या सुगंधाला जसा रंग नसतो, तसा या आवाजाला देश-धर्माचा बांध नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. लता मंगेशकर यांचा उल्लेख त्यांनी धाकटी बहीण असा केला. हे छोटे भाषण पुढे स्वतंत्रपणेही प्रसिद्ध पावले.

या दोघांच्या परिचयाचा आरंभ उर्दूच्याच निमित्ताने झाला होता. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात संगीतकार अनिल विश्वास यांनी मुंबईच्या लोकल गाडीत दोघांची ओळख करून दिली. ही मुलगी मराठी आहे हे कळल्यावर, मराठी लोकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो, अशा अर्थाचा शेरा दिलीपकुमार यांनी मारला. लता मंगेशकर यांना तो लागला. त्यांनी एका मौलवींकडे उर्दूचे शिक्षण सुरू केले आणि उच्चारांवर मेहनत घेतली. त्या शेऱ्यामुळे आपला फायदाच झाला, असे त्या नंतर सांगत असत. लंडनमध्ये त्याच दिलीपकुमार यांनी हजारो श्रोत्यांसमोर त्यांचा गौरव केला.

पहिल्या गीताची निवड

लेखिका नसरीन मुन्नी कबीर यांच्याशी झालेल्या संवादांत लता मंगेशकर यांनी या कार्यक्रमाची एक आठवण सांगितली आहे. पाकीजा (१९७२) मधील ‘इन्हीं लोगों ने’ हे गीत आरंभी घेण्याचे ठरले होते. दिलीपकुमार यांना ही निवड पटली नाही. चित्रपटात हे गीत कोठ्यावरील मुजऱ्याच्या प्रसंगी येते. प्रतिष्ठित सभागृहातील कार्यक्रमाची सुरुवात अशा गीताने व्हावी का, असा त्यांचा प्रश्न होता. लता मंगेशकर यांनी गीत बदलले नाही.

या मतभेदामागे चित्रपटगीताकडे पाहण्याच्या दोन दृष्टी दिसतात. एका दृष्टीनुसार गीत हे चित्रपटातील प्रसंगाशी आणि पात्राशी बांधलेले असते. दुसऱ्या दृष्टीनुसार गीत पडद्यावरून सुटून स्वतंत्रपणे श्रोत्याकडे येते, त्यामुळे त्याची चाल, शब्द आणि गायकी एवढेच महत्त्वाचे ठरते. चित्र नसलेल्या रंगमंचावर पार्श्वगायिका उभी राहते तेव्हा दुसरीच दृष्टी लागू होते. पाकीजाचे हे गीत तेव्हा अगदी अलीकडचे होते आणि श्रोत्यांच्या ओठांवर होते.

सादरीकरण

लता मंगेशकर रंगमंचावर अनवाणी उभ्या राहून गात असत. ध्वनिमुद्रणाच्या वेळीही त्यांचा हाच प्रघात होता. पांढरी किंवा फिकट रंगाची साडी, समोर स्वहस्ते लिहिलेले गीताचे शब्द आणि हालचाल जवळजवळ नाही, असे त्यांच्या कार्यक्रमांचे स्वरूप असे. नृत्य, रोषणाई किंवा दीर्घ संभाषणे यांना त्यांत वाव नव्हता. पुढील परदेश दौऱ्यांतही हेच स्वरूप कायम राहिले.

गीते

कार्यक्रमातील गीते वेगवेगळ्या काळांतील हिंदी चित्रपटांमधून निवडलेली होती. त्यांपैकी पुढील तीन गीते लता मंगेशकर यांच्या कारकिर्दीचे तीन टप्पे दाखवतात.

‘आयेगा आनेवाला’ – चित्रपट: महल (१९४९), संगीत: खेमचंद प्रकाश, दिग्दर्शक: कमाल अमरोही. या गीताच्या मूळ ध्वनिमुद्रणात आवाज दुरून जवळ येतो आहे असा परिणाम हवा होता. त्यासाठी लागणारी यांत्रिक सोय तेव्हा उपलब्ध नव्हती. म्हणून लता मंगेशकर यांनी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मध्यभागी ठेवलेल्या ध्वनिग्राहकापर्यंत चालत येऊन तो परिणाम साधला.

‘आजा रे परदेसी’ – चित्रपट: मधुमती (१९५८), गीत: शैलेंद्र, संगीत: सलिल चौधरी, दिग्दर्शक: बिमल रॉय. पार्श्वगायनाचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळवणारे गीत. परदेशी गेलेल्याला हाक मारणाऱ्या या गीताला लंडनच्या श्रोतृवर्गापुढे वेगळा अर्थ येणे स्वाभाविक होते.

‘इन्हीं लोगों ने’ – चित्रपट: पाकीजा (१९७२), गीत: मजरूह सुलतानपुरी, संगीत: गुलाम मोहम्मद, दिग्दर्शक: कमाल अमरोही. हा चित्रपट पूर्ण होण्यास अनेक वर्षे लागली. संगीतकार गुलाम मोहम्मद यांचे निधन १९६८ मध्ये, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी झाले. नायिकेची भूमिका करणाऱ्या मीनाकुमारी यांचे निधन प्रदर्शनानंतर काही आठवड्यांतच, ३१ मार्च १९७२ रोजी झाले.

ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन

चित्रपटगीताचे ध्वनिमुद्रण आणि कार्यक्रमाचे थेट ध्वनिमुद्रण यांत मूलभूत फरक आहे. ध्वनिमुद्रणकक्षात गीत मनासारखे होईपर्यंत पुन्हा पुन्हा गाता येते. वाद्यांची जागा, ध्वनिग्राहकापासूनचे अंतर आणि आवाजाची पातळी आधी ठरवलेली असते. त्या काळातील चित्रपटगीत साधारणपणे तीन ते चार मिनिटांत बसवले जाई, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढीच जागा असे. थेट कार्यक्रमात गीत एकदाच गायले जाते. श्वास, शब्दांमधील विराम, वाद्यवृंदाशी जुळवून घेणे आणि श्रोत्यांच्या टाळ्या हे सर्व ध्वनिमुद्रणाचा भाग बनते.

दीर्घ ध्वनिमुद्रिका मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने फिरते आणि तिच्या एका बाजूवर सुमारे वीस ते पंचवीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण बसते. या माध्यमामुळे कार्यक्रमाचा सलग भाग, निवेदनासह, श्रोत्यांना घरी ऐकणे शक्य झाले. अल्बर्ट हॉलमधील गायन पहिला भाग आणि दुसरा भाग अशा दोन ध्वनिमुद्रिकांत विभागून प्रसिद्ध करण्यात आले. एचएमव्ही हे तेव्हा भारतात ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे बोधनाम होते. ही कंपनी २००० पासून सारेगामा या नावाने ओळखली जाते.

पाश्चात्त्य संगीतात थेट ध्वनिमुद्रणाचे संच तोपर्यंत रूढ झाले होते. जेम्स ब्राउन यांचा न्यू यॉर्कच्या अपोलो नाट्यगृहातील संच १९६३ मध्ये, तर कंट्री संगीताचे गायक जॉनी कॅश यांनी कॅलिफोर्नियातील फोल्सम तुरुंगात बंद्यांसमोर केलेल्या कार्यक्रमाचा संच १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. या संचांत श्रोते कोण आहेत यालाही गायनाइतकेच महत्त्व होते. लता मंगेशकर यांच्या संचातही मायदेशापासून दूर असलेल्या श्रोत्यांच्या टाळ्या हा ध्वनिमुद्रणाचा अविभाज्य भाग आहे.

मराठी संगीतात चित्रपटाबाहेर अशा सादरीकरणाचे उदाहरण गीतरामायणाचे आहे. ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून निरनिराळ्या गायकांच्या आवाजांत प्रसारित झाली. लता मंगेशकर याही त्या गायकांमध्ये होत्या. पुढे संगीतकार सुधीर फडके यांनी ही गीते स्वतःच्या एकट्याच्या आवाजात गाऊन त्यांचे शेकडो जाहीर कार्यक्रम केले. मूळ ध्वनिमुद्रणातील गीताला रंगमंचावर दुसरे आयुष्य मिळते, हा अनुभव मराठी श्रोत्यांना त्यामुळे आधीच परिचयाचा होता.

नंतरचे कार्यक्रम

लंडनच्या कार्यक्रमानंतर लता मंगेशकर यांचे परदेश दौरे सुरू झाले. १९७५ पासून त्यांनी अमेरिका आणि कॅनडा येथे अनेक दौरे केले. या दौऱ्यांचे संयोजक मोहन देवरा यांनी रचना शाह यांच्यासह लिहिलेल्या ‘ऑन स्टेज विथ लता’ (२०१७) या पुस्तकात त्यांचा वृत्तान्त आला आहे. १९७६ च्या दौऱ्यात सहगायक मुकेश यांचे २७ ऑगस्ट रोजी डेट्रॉइट येथे हृदयविकाराने निधन झाले. लता मंगेशकर यांच्या जाहीर कार्यक्रमांतील वाद्यवृंदाच्या संयोजनाशी संगीतकार व संगीत संयोजक अनिल मोहिले यांचे नाव दीर्घकाळ जोडलेले राहिले.

सार्वजनिक कार्यासाठी गाण्याचा प्रघातही चालू राहिला. भारतीय क्रिकेट संघाने १९८३ चा विश्वचषक जिंकल्यावर मंडळाकडे खेळाडूंच्या गौरवासाठी पुरेसा निधी नव्हता. राजसिंह डुंगरपूर यांच्या पुढाकाराने लता मंगेशकर यांनी दिल्लीत विनामूल्य गायन केले आणि जमलेल्या रकमेतून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. पुण्यातील दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाच्या उभारणीसाठीही त्यांनी कार्यक्रम केले. १९९७ मध्ये मुंबईतील त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ‘लता: ॲन एरा इन ॲन इव्हनिंग’ या नावाने प्रसिद्ध झाले.

महत्त्व

या संचाचे महत्त्व तीन दृष्टींनी सांगता येते.

पहिले म्हणजे पार्श्वगायिकेचे प्रत्यक्ष येणे. १९४९ मध्ये ज्या गीताच्या तबकडीवर गायिकेऐवजी पात्राचे नाव होते, तेच गीत १९७४ मध्ये गायिकेच्या नावाने भरलेल्या सभागृहात गायले गेले. या पंचवीस वर्षांत पार्श्वगायकाच्या स्थानात झालेला बदल त्यातून स्पष्ट होतो.

दुसरे म्हणजे चित्रपटगीताचे चित्रपटापासून स्वतंत्र होणे. अभिनेत्री, कथानक किंवा दृश्य यांच्या आधाराविना केवळ गायन ऐकण्यासाठी श्रोते आले. यामुळे चित्रपटगीत हा मैफलीत गाण्याजोगा संगीतप्रकार आहे, या समजाला बळ मिळाले.

तिसरे म्हणजे गायकीचा पुरावा. चित्रपटगीतातील आवाजावर ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचे संस्कार झालेले असतात. थेट ध्वनिमुद्रणात पुन्हा गाण्याची सोय नसते. ‘आयेगा आनेवाला’ हे गीत मूळ ध्वनिमुद्रणात ध्वनिग्राहकाकडे चालत येऊन साधले होते. रंगमंचावर ते एका जागी उभे राहून केवळ आवाजाच्या नियंत्रणावर उभे करावे लागते. ही दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकल्यास पार्श्वगायन आणि मंचीय गायन यांतील भेद अभ्यासकाला सहज लक्षात येतो.

हे सुद्धा पहा

लता मंगेशकर
मास्टर दीनानाथ मंगेशकर
पार्श्वगायन
गीतरामायण
महल (१९४९ चित्रपट)
पाकीजा
रॉयल अल्बर्ट हॉल